तिरका उजेड

फुर्ताद सर टॉर्च सरळ धरू देत नाहीत.
सरळ उजेडात, म्हणतात, सगळेच सज्जन दिसतात.
तिरका धर. पत्र्याला गाल टेकल्यासारखा.
मग बघ रंगाखाली कुठे काय फुगलंय.

मोपाच्या सड्यावर रात्रीचे अडीच.
विमानाच्या पोटाखाली मी उताणी,
चाकांच्या फळीवर,
कोपराला ग्रीस, आणि खिशात घडी घातलेला निकाल:
मॉड्यूल नऊ, मानवी चुका.
पंचाहत्तरला पास. मला बहात्तर.
घरी सांगितलंय, अजून लागायचाय.
हीसुद्धा मानवी चूकच, पण तिला मार्क नाहीत.

घर म्हणजे आगरवाडा.
बाबांचं मिठागर,
उन्हाळ्यात रस्त्याकडेला पांढरे ढीग,
गाड्या थांबतात, काच अर्धी खाली करून
भाव पाडून मागतात.
त्या ढिगांतून माझी फी गेली,
टूलबॉक्स गेला, पोलादी टोकाचे बूट गेले.
मिठाला जाग, एवढंच म्हणाले होते बाबा,
बसस्टॉपवर, दुसरीकडे बघत.

जागते आहे, बाबा.
रात्रपाळीत.
मिठाच्याच विरुद्ध.
तुमच्या वाफ्यांवरून जो वारा येतो ना संध्याकाळचा,
तो इथे रिव्हेटांच्या डोक्यांशी बसून राहतो,
फटीत शिरतो, घाई करत नाही.

ड्रेनच्या भोकाशेजारी उजेड अडखळला.
सांध्यावर चिमूटभर पांढरं.
मी बोट लावलं, आणि बोट
आपसूक जिभेकडे निघालं,
आगरात असंच तर कळतं लहानपणापासून,
पिकलं की अजून कच्चं.

सरांनी मनगट धरलं.
"आगो, मीठ न्हय तें," म्हणाले.
"विमान आहे."

विमानच होतं.
पत्र्याने पत्रा असणं सोडून दिलेलं,
एका नखाएवढ्या जागेत.

मग खरवडणं, पुसणं, भिंगातून बघणं,
खोली मोजणं. पुन्हा मोजणं.
मर्यादेहून जास्त भरली.
जास्त म्हणजे केसभर.

सहाच्या फ्लाइटसाठी मॅनेजर आला,
बूट इतके स्वच्छ की फरशीला लाज वाटावी.
एकशे ऐंशी प्रवासी, त्याने सांगितले. तीन वेळा सांगितले.
केसभरच तर आहे, म्हणाला.
सरांच्या खिशातलं निळं पेन मी वर्षभर बघते आहे.
बावीस वर्षांचं लायसन्स, आणि वजन
पाच रुपयांच्या रिफिलएवढं.
त्याचं टोपण निघालं नाही.
मॅनेजरचा आवाज चढत गेला तसे सर
स्टूल ओढून बसले, डबा उघडला,
अर्धी पोई माझ्यापुढे केली.
"खा. आधी हात धू. साबणाने."

माझ्या लॉगबुकात त्या रात्रीपुढे
सरांच्या बारीक अक्षरात: साहाय्य केले.
शोधले, असा रकाना नाही.
बोट जिभेकडे गेले, असाही नाही.

सातची बस. खिडकीला डोकं.
उतरले तर बाबा आगरात वाकलेले,
डोक्यावरून कुठलंसं विमान गेलं,
त्यांनी वर पाहिलं नाही. पाणी बघत होते.

आईने पेज वाढली.
"मीठ घातलं नाही, वरून घे."
मी म्हटलं, निकाल लागलाय.
तीन मार्क कमी.
ती डाव घेऊन तशीच उभी.
मग?
मग परत बसायचं.

तळहातावर चिमूट घेतली.
खिडकीतून ऊन तिरकं येत होतं,
एकेक खडा कोपऱ्यांसकट दिसत होता,
धारदार, स्वच्छ, कुणाचंही वाईट न चिंतणारा.

"बघतेस काय," आई म्हणाली,
"निवतेय. खा."